घरगल्लीतून

आधी नाकाला सवय होऊ द्या. होते, थोडा वेळ लागतो इतकंच. तोवर भिंतीला टेकू नका. ती ओली आहे, आणि पावसाने नव्हे.

साल १८६७, ठिकाण गिरगाव. तुम्ही उभे आहात तो रस्ता नाही आणि बोळही नाही. दोन घरांनी एकमेकांकडे पाठ केली की मधे जी फट उरते, ती ही घरगल्ली. ठाकूरद्वारच्या अंगाने, म्हणजे माणसांच्या वाटेने आला असतात तर ओटी दिसली असती, झोपाळा, तुळस, चष्मा नाकावर घेऊन पोथी वाचणारे आजोबा दिसले असते. ही त्याच घराची मागची बाजू. आजोबांचा सगळा जन्म या घरात गेला, पण इथे त्यांनी एकदाही पाऊल टाकलेलं नाही.

वर बघा. भिंतीला लागून एक बांधीव पोकळी खाली उतरली आहे. वरच्या दोन मजल्यांवरच्या शेतखान्यांतलं सगळं तिच्यातून खाली येतं. तळाशी, तुमच्या गुडघ्याच्या उंचीला, एक बुटकं दार. दाराआड बांबूची टोपली. टोपलीत पडलं ते पडलं, उरलेलं बाजूला. आणि टोपलीत पडलं तरी ती टोपलीच, विणीतून निथळणारच. निथळतं ते तुमच्या दोन पायांमधल्या उघड्या नाल्यात. नाल्याला उतार जवळजवळ नाही, म्हणून तो वाहत नाही, नुसता वाढतो.

"बाजू, सेठ."

तुम्ही अंग चोरता. तरी त्याला तुमच्याजवळून जाताना खांदा तिरका करावा लागतो, कारण डोक्यावर चुंबळ आहे आणि चुंबळीवर मोठी टोपली. हा हलालखोर. काठेवाडाकडून आलेला असावा, बोलण्यावरून तरी तसं वाटतं. हातात पत्र्याची पट्टी. तो डोक्यावरची टोपली उतरवतो, बुटकं दार उघडतो, आतली टोपली ओढतो, मोठीत उलटी करतो, पट्टीने दोनदा खरवडतो, रिकामी टोपली आत सारतो, दार पायाने लोटतो. पुढचं दार. कुठेही हिसका नाही, कुठेही थांबणं नाही. सहाव्या दारानंतर मोठी टोपली भरते. ती उचलताना एक हुंकार निघतो. टोपली डोक्यावर जाते, आणि मग मानेवरून, पाठीवरून एक ओघळ खाली येतो. तो पुसत नाही. पुसायला हात मोकळा नाही.

त्याच्या मागे चाला. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी आहे. रस्त्यावरची माणसं उपरणं नाकाला लावून लांबून वळसा घेतात. शिवी कोणी देत नाही. द्यायची गरजच पडत नाही, इतकी त्याची जागा ठरलेली आहे. गाडी जाते समुद्राच्या दिशेने. चौपाटीवर हवा खायचा बेत असेल तर सोडून द्या. ज्यांच्या घरी शेतखाना नाही अशी निम्मी वस्ती त्याच किनाऱ्यावर बसते आणि भरती येईपर्यंत सगळं तिथेच असतं.

आता थोडी मुंबई समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. तीन वर्षांपूर्वी, १८६४ साली, या शहराची पहिली शिरगणती झाली तेव्हा ८,१६,५६२ माणसं भरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा पावसासारखा पडत होता, आणि पैशामागे माणूस. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं. आनंद झाला. पण पाणी आत आणताना ते बाहेर कुठून जाणार याचा विचार कोणी पुरता केला नव्हता. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव हा सगळा मधला भाग म्हणजे जुनी खाडी. अठराव्या शतकात हॉर्नबीच्या बांधाने समुद्र अडवला, जमीन मिळाली, पण ती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. शहराचा मुख्य नाला वरळीकडे जातो, तिथे दरवाजे आहेत. ओहोटीला उघडायचे, भरतीला लावायचे. म्हणजे लाखो माणसांचा मैला दिवसातून दोनदा चंद्राची वाट बघत थांबतो.

१८६५ पासून शहराला म्युनिसिपल कमिशनर आहे, आर्थर क्रॉफर्ड. त्यांच्या हाताशी आरोग्याधिकारी डॉ. ह्युलेट. दोघेही झपाटलेले. त्यांना घरोघरच्या हलालखोरांना म्युनिसिपालिटीच्या चाकरीत आणायचं आहे. आजवर हलालखोर आणि घरमालक यांचं परस्पर चालायचं: ही घरं माझी, ती तुझी, असे हक्क वाटलेले, पैसे तिथल्या तिथे. ही रीत मोडायची, माणूस हजेरीपटावर आणायचा, घरमालकाकडून कर घ्यायचा. त्या कराला नावही सरळ ठेवलं, हलालखोर कर. पुढे १८८८च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यातही तो याच नावाने आला. पाण्याचा कर, घराचा कर आणि एका माणसाच्या जातीचा कर, एकाच पावतीवर.

क्रॉफर्ड यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे केलं त्याने शहर तगलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. हजेरीपटावर आला तो हलालखोर सुटला नाही. आधी तो दहा घरांना बांधलेला होता, आता शहराला.

गल्लीतून उजवीकडे वळा. जपून. वर्ष बदलतं.

१८९६चा डिसेंबर. वास बदललेला आहे, कारबॉलिकचा. भिंतींना चुना फासलाय, काही दारांवर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवलीत, यू.एच.एच.; राहण्यास नालायक असा त्याचा अर्थ. काही छपरांची कौलं उतरवलीत, उजेड आत जावा म्हणून. सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि तेव्हापासून शहर पळतं आहे. बोरीबंदरला बघवत नाही. कोकणच्या आगबोटींवर माणसांवर माणसं. फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी मुंबई रिकामी होईल.

साहेबांना वाटतंय रोग घाणीतून, वाफेतून, जमिनीतून येतो. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी सोडलं जातंय, मोऱ्या धुतल्या जाताहेत. तुम्हाला माहीत आहे की उंदीर आणि पिसवा. पण ते सांगू नका, पॉल-लुई सिमों कराचीत ते सिद्ध करायला अजून दीड वर्ष आहे. गटारं धुतली म्हणून उंदीर घरात शिरले एवढंच झालं.

ऑक्टोबरात कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: रोगी असेल त्याला सक्तीने इस्पितळात हलवायचा. आर्थर रोडच्या इस्पितळात, आजच्या कस्तुरबात. महिनाअखेरीला गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. त्यानंतर हुकूम ढिला पडला. शाळेत कारण सांगतात ते दंग्याची भीती. ते खरंच आहे. पण स्नो यांनी दुसऱ्या वर्षी अहवाल लिहिला, त्यात त्यांची खरी झोप उडवणारी भीती वेगळी दिसते. सक्तीला घाबरून हलालखोर आणि झाडूवाले गावी निघून गेले तर?

हा प्रश्न घेऊन आता लालबागच्या दिशेने चाला. गिरण्यांची धुराडी लागतील, काही थंड पडलेली. गिरणी बंद पडली तर मालकाचं नुकसान. गव्हर्नर महाबळेश्वरला गेला तर कोणाचंच नाही. पण गल्लीतला माणूस चार दिवस आला नाही तर? टोपल्या भरतील, उतू जातील, पाचव्या दिवशी बंगल्यातला माणूसही बोट पकडेल. एवढ्या मोठ्या शहरात ज्याच्यावाचून एक आठवडा निघत नाही असा हा एकच माणूस, आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

साम्राज्याने ही भीती आधीच कायद्यात घालून ठेवली होती. मुंबई इलाख्यात १८९०चा म्युनिसिपल नोकरांचा कायदा होता; सूचना न देता सफाईचं काम सोडणाऱ्याला तुरुंग. डॉ. आंबेडकरांनी पुढे यावर बोट ठेवलं. बाकी कुठल्याही चाकरीत राजीनामा हा राजीनामा असतो, इथे तो गुन्हा. याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ब्राह्मण जातीचे सत्याग्रही अप्पासाहेब पटवर्धन भंगीकाम करू द्या म्हणून हटून बसले, सरकारने नकार दिला, अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं आणि येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. एकाला काम सोडलं म्हणून तुरुंग, दुसऱ्याला तुरुंगात ते काम मागूनही मिळेना. अप्पासाहेबांबद्दल मला आदर आहे, पुढे कणकवलीला त्यांनी संडासावर जे प्रयोग केले त्याबद्दल तर अधिकच. पण त्यांना ते काम निवडता आलं, हा फरक राहतोच.

प्लेगने मुंबईला पुष्कळ दिलं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये आली, सँडहर्स्ट रोड आला, दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेगची लस बनू लागली. १८९९ पासून शहराचा कचरा रेल्वेच्या डब्यांत भरून चेंबूरच्या दलदलीकडे निघाला, देवनारचा डोंगर तिथला. वरळीच्या लव्हग्रोव्हला पंप त्याआधीच बसले होते, त्यामुळे नाल्याला चंद्राची वाट पाहावी लागेनाशी झाली. हे भरभर सांगतोय, कारण हे सगळं तुम्हाला रस्त्यांच्या नावांत आणि पाट्यांवर सापडेल. गल्लीतलं सापडणार नाही.

म्हणून १९५२ मध्ये थोडे थांबा. डिलाइल रोडची बीडीडी चाळ, पहाटेचे पाच. सरकारने विसाच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे मिळून अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास आणि नळ सामाईक. टोपली नाही, इथे पाण्याचा संडास आहे. गिरगावच्या मानाने स्वर्ग म्हणायला हरकत नाही.

गॅलरीत उभे राहा, टमरेल हातात घ्या. टमरेलाशिवाय रांगेत उभं राहाल तर लोक तुम्हाला पाहुणा समजतील. तुमच्या पुढे पहिल्या पाळीचा माणूस आहे, त्याला भोंग्याआधी गिरणीच्या फाटकात पोचायचं आहे. त्याला पुढे सोडायचा रिवाज आहे. बायका येऊन गेल्या, अंधारात, चारच्या आधी. कडी लागत नाही, म्हणून आतला माणूस खाकरतो. प्रत्येकाचं खाकरणं वेगळं. "आत कोण, जोशीबुवा?" "हं." "पेपर बाहेर ठेवा, पेपर." हशा पिकतो. पुढे या रांगेवर मराठीत पुष्कळ विनोद लिहिला जाईल आणि तो वाचताना तुम्हाला गहिवर येईल. येऊ द्या.

पण अकरापर्यंत थांबा. रांगेवर लिहिणारे कचेरीला गेलेले असतात तेव्हा तो येतो. खराटा, बादली, फिनेल. नळाला पाणी असेल तर ठीक, नसेल तर बायका खोलीतून हंडाभर देतात, आणि तो वरून ओततात, म्हणजे भांड्याला भांडं लागत नाही. काम झालं की तो जिन्याच्या कडेला बसतो. देवळीत कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असतो. तो स्वतःच उचलतो, पुढे धरतो, काकी वरून चहा ओततात. काकी वाईट नाहीत. त्याच्या मुलीच्या बारशाला त्यांनी झबलं शिवून दिलं होतं. राज्यघटना लागू होऊन दोन वर्षं झालीत. मुंबई राज्य सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने याच सुमाराला सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करून अहवाल दिला आहे; डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, असं त्यात सांगितलं आहे. कप देवळीत आहे.

त्याला विचारा, कुठे राहतोस. म्युनिसिपालिटीच्या चाळीत, म्हणतो. स्वतःची खोली? "नोकरी हाय तोवर माजी."

हे वाक्य ऐकून घ्या. तुरुंगाचा कायदा आता कशाला हवा? मुंबईत खोली मिळणं ही काय चीज आहे हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खोली खराट्याला बांधली की माणूस कुठे जात नाही. पुढे सत्तरच्या दशकात लाड-पागे समितीच्या शिफारशी आल्या: सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर वारसाला नोकरी. हेतू चांगला होता. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे केलं त्याला निदान पगाराची शाश्वती मिळावी. कामगारांनी ती लढून टिकवली आणि आजही कुणी तिला हात लावला तर मोर्चा निघतो, निघालाच पाहिजे. फक्त ही शाश्वती नोकरीची आहे, आणि नोकरी तीच.

वरळीला एक फेरी मारू, लवकर परत येऊ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लव्हग्रोव्हपासून समुद्राच्या तळाखालून सुमारे तीन किलोमीटर लांब बोगदा गेला. जागतिक बँकेचा पैसा, मोठं अभियांत्रिकी काम. चाळण्यांवर प्लास्टिक, चिंध्या अडवायच्या, गाळ बसवायचा, बाकीचं खोल पाण्यात सोडून द्यायचं. चौपाटी सुधारली. समुद्राचं काय झालं ते मासे जाणोत आणि कोळी जाणोत. आता तिथे प्रक्रिया केंद्र उभं राहतंय, शहरभर अशी सात. गिरगावच्या गाडीपासून या बोगद्यापर्यंत तत्त्व एकच होतं, लांब नेऊन टाका. लांबी तेवढी वाढत गेली.

आणखी एक वाट वाकडी करा, मला ती टाळवत नाही. दादरहून एसटी पकडा आणि वाईला उतरा. छोटं गाव, मुंबईसारखं मलनिःसारणाचं जाळं घालणं खिशाला न परवडणारं. महाराष्ट्रातली बहुतेक नगरपालिकांची गावं अशीच. घरोघरी सेप्टिक टँक आहेत आणि टाकी तुंबून परसात आली की मग टँकर बोलवायचा, अशी सगळीकडची पद्धत. वाईने २०१८ पासून फेरा लावला: तुंबो न तुंबो, दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची, ठेकेदाराला पैसे पालिका देणार, घरमालकाकडून करातून वसूल. गाळ गावाबाहेरच्या केंद्रात. नाशिकजवळच्या सिन्नरनेही तेच केलं. टँकर दारात येतो, दोघे जण हातमोजे घालून नळी सोडतात, मोटर घरघरते. घरची बाई म्हणते, "आज नको हो, पाहुणे आहेत." ते म्हणतात, "ताई, यादीत आजच आहे." बोळात खांदा तिरका करून कोणी जात नाही. टाकीत कोणी उतरत नाही. संरक्षक साधनं न देता उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी देशात माणसं गुदमरून मरतात आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. वाईत मला आवडलं ते यंत्र नव्हे, यादी. आज कुणाची टाकी हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हाताने करायला माणूस शोधण्याची वेळ येत नाही.

परत या. आजच्या दिवशी. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांचं घर, संडास घरात. शंभर वर्षांनी रांग संपली. पेढे वाटणाऱ्या आजींनी काय केलं असेल? मला वाटतं, आधी जाऊन आतून कडी लावून बघितली असेल.

घरगल्ल्या मात्र आहेत. गिरगावात, काळबादेवीत, लालबागेत जुन्या इमारतींच्या मागे हजारोंनी. टोपल्या गेल्या, बुटकी दारं विटांनी बुजवली, पोकळीच्या जागी पाइप आले. पाइप फुटतात. वरच्या खिडक्यांतून डायपर, सॅनिटरी पॅड, जेवणाचे डबे, गणपतीचं निर्माल्य खाली येतं. पालिका जाळ्या बसवते, जाळ्या भरतात. त्या साफ करायला आत तिरकं होऊन शिरावंच लागतं.

दादरला कासारवाडीजवळ सकाळी सहाला उभे राहा. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या अशा ३९ वसाहती आहेत. त्यांतल्या अनेक नव्याने बांधायला आश्रय योजना निघाली आहे. जुन्या वसाहतींत पुष्कळ ठिकाणी संडास सामाईकच. शहराचे संडास धुणारा माणूस घरी रांगेत. हजेरी चौकीपाशी एक तेवीस वर्षांचा मुलगा नव्याने आला आहे. मार्चमध्ये वडील गेले, लाड-पागेत त्याचा नंबर लागला. नसता लागला तर खोली सोडावी लागली असती, आई आणि धाकटी बहीण आत होत्या. मुकादम त्याच्या कागदांवरून नजर फिरवतो.

"शिकलास किती?"

"बी.कॉम."

"मग काय, घेतील पुढेमागे हापिसात."

"बाबा मॅट्रिक होते. त्यांनाही हेच म्हणाले होते."

मुकादम हसतो, त्यालाही कोणीतरी म्हणालेलं असावं. अंगठे होतात. वाटणी होते: दोघं रस्त्याला, चौघं गाडीवर, घरगल्लीला तिघं. तिघांत आज एकाचा खाडा आहे. खाड्यावर बदली लागतो, बदलीवाले फाटकाबाहेर उभे असतात, आज नेमके कोणी नाहीत. मुकादमाची नजर फिरत फिरत तुमच्यावर येते. तुम्ही इथे कधीपासून उभे आहात, काम तर काही करत नाही.

"ओ, बदलीवाले ना तुम्ही? उभे काय राहिलात? हे मोजे घ्या, ह्याच्याबरोबर जा. दोन गल्ल्या आहेत फक्त, दहाच्या आत मोकळे व्हाल."

मुलगा फावडं पुढे करतो. "काका, आत जाताना श्वास तोंडाने घ्या," तो सांगतो. "आणि वर बघू नका, डोळ्यांत येतं."